मिस एडिथचं मत

आमच्या गावात निवडणुकीचा निकाल ऐकायला कुणी थांबत नसे. मोजणी शाळेतच व्हायची, कागद शाळेच्या दारावर लागायचा आणि त्यावर पहिली निवडणूक सोडली तर दर वेळी तेच असायचं. सगळी मतं आपल्या पक्षाला, एक मत गोऱ्यांच्या पक्षाला, बाकीच्यांना भोपळा. ते एक मत कुणाचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गावात गोरं माणूस एकच होतं, दुकानवाली मिस एडिथ.

गोऱ्यांचा पक्ष म्हणते खरी, पण त्यांचा उमेदवार म्हणजे पलीकडच्या गावचा सुतार, माझ्याहून काळा. त्याने काय फरक पडतो म्हणा! पक्ष गोऱ्यांचा तो गोऱ्यांचाच, आणि आम्ही काळे म्हणजे आपल्या पक्षाचे. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मिस एडिथ इथेच जन्मली, बापाचं दुकान तिनेच पुढे चालवलं. लग्न केलं नाही. आमच्या भाषेत शिव्या घालायची त्या आमच्यापेक्षा झणझणीत. निवडणूक आली की लोक तिला चिडवायचे, "काय मिस एडिथ, या वेळी तरी सुधारणार का?" ती साखर तोलता तोलता म्हणायची, "सगळे एकाच बाजूला बसलात तर गाडी कलंडेल रे मेल्यांनो." हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. माझ्या आईची ती मैत्रीण. दुपारभर दोघी दुकानाच्या पायरीवर चहाचे मग घेऊन बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करायच्या.

त्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर, ऐन थंडीत ती गेली. गावाने तिची कबर खणली. माझा धाकटा भाऊ वेलिले पक्षाच्या शाखेचा अध्यक्ष, त्यामुळे भाषण त्याचंच. "हिने जन्मभर आपल्याविरुद्ध मत दिलं," तो गहिवरून म्हणाला, "तरी ही आपली होती!" बायका हुंदके देऊन रडल्या. आई पुढच्या ओळीत शालीत तोंड खुपसून बसली होती, तिचे खांदे गदगद हलत होते. मला वाटलं, फारच लागलं बाई हिच्या मनाला.

माती सुकली नाही तोवर वेलिले म्हथाथा शहरात पक्षाच्या कचेरीत जाऊन छाती फुगवून आला. या वेळी आमच्या गावातून एकही मत इकडचं तिकडे होणार नाही, असं सांगून आला. त्याला पुढच्या वर्षी नगरसेवकाचं तिकीट हवं होतं ना! निकालाच्या संध्याकाळी शाळेच्या अंगणात ढोल, मक्याची बियर, पोरींचा नाच, सगळं तयार. कागद लागला. आपला पक्ष, मग गोऱ्यांचा पक्ष, आणि त्याच्यापुढे एक.

ढोल थांबला. वेलिलेने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एक म्हणजे एकच.

"मेलेली बाई मत कशी देईल?" कुणीतरी म्हणालं.

"मग दिलं कुणी?"

झालं! जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला. आणि बघता बघता सगळ्यांची नजर येऊन थांबली ती माझ्या नोंबासावर. माझी लेक. नवरा सोडून गेला म्हणून केपटाउनहून दोन पोरं घेऊन परत आली होती आणि शाळेत मुलांचं जेवण रांधायचं काम करत होती. जीभ माझ्यावर गेलेली. मागच्याच सभेत उभी राहून म्हणाली होती, "नळ बसवले तेव्हा मी शाळेत होते. आता माझी पोरं शाळेत जातात, आणि नळातून अजून पालच निघते."

दुसऱ्या दिवशी वेलिले माझ्या घरी आला. बसला पण नाही. आमच्यात ताईला सिसी म्हणतात. "सिसी, तिला कबूल करायला सांग. लोकांसमोर माफी मागू दे. नाहीतर रविवारच्या सभेत शाळेचं काम दुसरीला द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"नाइलाज?" माझं डोकंच फिरलं. "अरे, मामा ना तू तिचा? तिची पोरं काय खातील, तुझी भाषणं?"

नोंबासा आतून आली, हाताला पीठ तसंच. "मामा, मी नाही दिलं. दिलं असतं तर तुमच्या दारात येऊन सांगितलं असतं."

"तू नाहीस तर कोण?" वेलिले म्हणाला. "केपटाउनला राहून आलेलं दुसरं कोण आहे इथे?"

मी त्याला घरातून हाकलला, पण मला रात्रभर झोप नाही. ते काम गेलं असतं तर लेकीला पुन्हा केपटाउन गाठावं लागलं असतं, आणि पोरं माझ्या गळ्यात. पोरांचं काही नाही हो, पण लेक डोळ्यांसमोरून गेली असती.

रविवारी गोठ्यापाशी सभा भरली. वेलिले घसा साफ करतोय, तेवढ्यात आई काठी टेकत उठली. वेलिले खाली बसला. गोऱ्यांच्या राजवटीत तुरुंगात असलेल्या नवऱ्यासाठी म्हथाथापर्यंत पायी भाकरी घेऊन जाणारी बाई ती, तिच्यापुढे कोण बोलणार?

"एडिथ माझ्या स्वप्नात येते," आई म्हणाली. "म्हणते, मला पुरलंत, पण घरी आणलं नाहीत. बोकड कापला नाही, हाक मारली नाही. मी भटकतेय. भटकत भटकत ती शाळेत गेली असणार. सवयच ती, मारली फुली."

"पण अंगठ्याला शाई लावल्याशिवाय कागद कसा दिला तिला?" मास्तरांनी विचारलं.

"मेलेल्याला कसली शाई लावता मास्तर?"

आणि काय सांगू, अख्ख्या गावाने सुटकेचा श्वास टाकला! आपल्यातल्या एका काळ्या माणसाने डोकं चालवून वेगळं मत दिलं, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. मेलेल्या गोऱ्या बाईने येऊन दिलं, हे लगेच उतरलं. सगळ्यांत मोकळा झाला वेलिले. कचेरीला तिथूनच फोन लावला, "साहेब, जिवंत मतं शंभर टक्के आपलीच आहेत."

मग एडिथच्या आत्म्याला घरी आणण्याचा विधी झाला. बोकड ओरडला की पितरांनी ऐकलं असं आम्ही मानतो. हा बोकड काही केल्या ओरडेना. वेलिलेने भाल्याचं टोक लावलं, विनवण्या केल्या, बोकड आपला शांतपणे त्याच्याकडे बघतोय. शेवटी कंटाळून एकदा बेंबटला, आणि सगळे "कामागू!" ओरडले, म्हणजे पितर पावले. मटण मात्र झकास झालं होतं. शिजवलं नोंबासानेच.

भांडी घासताना मी आईला विचारलं, "खरंच येते का गं एडिथ स्वप्नात?"

"मेल्यावर कशाला मत द्यायला येईल ती? जिवंतपणी तरी कुठे दिलं होतं!" आईला हसू आवरेना. "ती कायम आपल्याच पक्षाची. ते एक मत माझं."

माझ्या हातातलं पातेलं पडलं.

"पहिल्या वेळी दोघींनी आपल्यालाच दिलं. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, एडिथ, सगळेच हो म्हणायला लागले तर हे माजतील. तू दे विरुद्ध, तुझ्यावर कोण रागावतंय! तर मला म्हणाली, मादलोमो, मी दिलं तर ते नुसतं गोरीचं मत. त्याचा कुणाला धाक? तू दे. नाव माझं होऊ दे."

"अगं, पण वेलिले तुझा पोटचा पोर!"

"म्हणून तर. सगळं गाव ज्याला शहाणा म्हणतं, त्याला आईने तरी एक धपाटा घालावा."

"मग धाक बसला का?"

"कसला बसतोय! सगळ्यांनी ते एडिथचंच धरलं." आईने हात पुसले. "पण मला झोप चांगली लागायची."

पुढच्या थंडीत आईही गेली. आणि मग आली आसपासच्या गावांच्या नगरपालिकेची निवडणूक, उमेदवार वेलिले. नळातून पाल निघतच होती.

मी मत द्यायला आत गेले. कागदावर माझ्या भावाचा फोटो, हसरा. लहानपणी पाठीवर घेऊन फिरवलेला पोर. आधी त्याच्याच नावापुढे पेन नेलं, खोटं कशाला सांगू? पण मनात आलं, आता आई नाही. मी नाही घातला तर याला धपाटा घालणार कोण? एकच तर मत. कुणी विचारलं तर एडिथ आहेच. मी सुताराच्या नावापुढे फुली मारली आणि बाहेर येऊन भावाला जवळ घेतलं.

संध्याकाळी कागद लागला. आपल्या पक्षाला अर्ध्याहून थोडी जास्त मतं. बाकी सगळी सुताराला.

अंगणात कुणी हलेना. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी मास्तर खाकरले.

"एडिथ या वेळी फारच अस्वस्थ दिसतेय."

"हो ना, बिचारी," चर्चचे म्हातारे म्हणाले, जे वेलिलेच्या प्रत्येक सभेत प्रार्थना म्हणत.

"बिचारी," वेलिलेची बायको म्हणाली आणि तिने शालीआड तोंड लपवलं. नोंबासा तेवढी मोठ्याने हसली.

शेजारच्या गावांच्या मतांवर वेलिले कसाबसा निवडून आला. सगळे पांगल्यावर तो शाळेच्या पायरीवर बसला होता, हातात तो कागद. मी शेजारी जाऊन बसले.

"सिसी," तो हळूच म्हणाला, "हिला शांत करायला आता किती बोकड लागतील?"

"बोकड राहू दे, बाळा," मी म्हटलं. "नळाला पाणी आण."