वुकोमानची थप्पी

हलका होता. ओंडका उचलल्या उचलल्या स्तामेंकाला ते कळलं, आणि कळूनही तिनं स्वतःशी कबूल केलं नाही — सकाळची वेळ, बोटं गारठलेली, गारठलेल्या बोटांना वजनाची काय अक्कल... तिनं तो या हातातून त्या हातात घेतला. तरी हलकाच. बीच झाडाचं लाकूड, मांडीएवढं जाड, खांदा खाली ओढायला हवं. आणि हे तर शिळ्या पावासारखं. सालीखालून पिवळा भुसा तिच्या बाहीवर सांडला. तिनं तो झटकला, ओंडका पुन्हा थप्पीवर होता तिथे नीट ठेवला, आणि जणू काही झालंच नाही अशी दुसरा घ्यायला गेली.

दुसराही हलका होता.

आत लोखंडी चुलीत लाकूडवाल्या ल्युबिशाची लाकडं कालपासून सुंसुं करत रडत होती. टोकांना फेस, चुलीच्या काचेवर काजळी, आणि ऊब म्हणावी तर चुलीला कवटाळून बसलं तरच. उतरवताना म्हणाला होता, "कोरडी ठणठणीत आहेत आजी, तुमची शपथ!" — "माझी कशाला घेतोस मेल्या, स्वतःची घे!" पण घेतली तिनं. यंदाचा भाव ऐकून पेन्शनीत जेवढी बसली तेवढीच, दरवर्षीच्या निम्मी, आणि मनातल्या मनात हसत घेतली, कारण परसात भिंतीला टेकून नवऱ्याची, वुकोमानची थप्पी उभी होती. पोराला हे ठाऊक नव्हतं. विदोये चाचाक शहरातल्या फ्लॅटमधून रोज दुपारी फोन करायचा, "आई, घर गरम आहे ना?" आणि या शरदात त्यानं तिच्याकडून वचनच घेतलं होतं — लाकडं संपली की घराला कुलूप, आणि तू इकडे. तिनं हो म्हटलं. म्हणजे फसवलंच. संपतील कशी? थप्पी आहे ना! जानेवारी आला की थप्पी काढायची आणि वसंतापर्यंत इथेच, आपल्या चुलीपाशी, आपल्या खिडकीपाशी...

तर ती थप्पी ही अशी.

ऑगस्टात रचली होती त्यानं. उन्हात, बनियनवर, पाठीवर घामाचा नकाशा. लाकूड फोडायचं काम उरकायचा तो भराभरा, पण रचायला बसला की वेळच वेळ. एकेक ओंडका फिरवून बघायचा, याचं पोट कुठे, त्याची पाठ कुठे, साल वर म्हणजे पाणी ओघळून जाईल. आणि कोरडं झालं की नाही ते बघायला दोन ओंडके घेऊन तिच्या कानाशी एकमेकांवर आपटायचा, ठण्ण! "ऐकलंस? घंटा आहे घंटा." ती म्हणायची, "घंटा वाजवायची हौस असेल तर चर्चमध्ये जा, इथे माझ्या मिरच्या करपतायत." त्या ऑगस्टात रचली आणि पहिली थंडी यायच्या आधीच तो गेला. त्या हिवाळ्यात तिनं हात लावला नाही. कसा लावणार, वरच्या रांगेतल्या फटीत त्याचा हातमोजा खोचलेला होता. मग पुढच्या हिवाळ्यातही नाही. दर शरदात नवी लाकडं विकत घ्यायची, ती जाळायची, आणि थप्पीवरचं बर्फ तेवढं झाडूनं लोटून द्यायचं. पाच-सहा हिवाळे झाले. लोक थडग्यावर मेणबत्त्या लावतात, मी इथे बर्फ झाडते, त्यात काय वाईट?

शेजारची कोसारा कॉफीला आली ती कुंपणाच्या फटीतून, नेहमीसारखी, हातात स्वतःचा कप घेऊन, कारण स्तामेंकाचे कप तिला लहान वाटत. तिनं एकदा थप्पीकडे बघितलं, एकदा स्तामेंकाच्या बाहीकडे.

"भुंगा लागला ना?"

"थोडासा. वरच्या रांगेला."

"वरच्या म्हणे! अगं बाई, बीच आहे ते, सोनं नाही जपून ठेवायला. दोन हिवाळे, फार तर तीन. मी सांगितलं नव्हतं? तर तू माझ्यावरच डाफरलीस, माझ्या नवऱ्याच्या लाकडांवर डोळा ठेवू नकोस म्हणून."

"होताच तुझा डोळा."

"होता तर होता! निदान माझ्या घरात उजेड तरी पडला असता." कोसारानं खालच्या रांगेतला एक ओंडका ओढून काढला, दुसऱ्यावर आपटला. धप्प. उशीवर बुक्की मारावी तसा आवाज. मग कोसारा हळूच म्हणाली, "पेटवणाला चालतील गं. रागावू नकोस त्याच्यावर."

पण ती रागावली होती, आणि तेही त्याच्यावरच. कोसारा गेल्यावर ती परसात उभी राहून चक्क मोठ्यानं बोलली, "अरे, सांगायचंस ना!" एवढं सगळं सांगायचा, साल वर ठेव, धुराड्याची झडप अर्धी लाव, राख कोबीवर टाक, आणि हेच नेमकं... की सांगितलं होतं? ठण्ण करताना काहीतरी म्हणाला होता, "आता हे जाळायला तयार आहे बरं का", आणि आपण मिरच्यांकडे धावलो. मला वाटत होतं, मी जपतेय. आणि मी त्याची थप्पी उभ्या उभ्या भुंग्याला पोखरू दिली.

तिला रडू आलं, ते तिनं फटीतल्या त्याच्या हातमोज्याला पुसलं. हातमोजाही कुजला होता.

मग तिनं टोपली भरली. पुन्हा भरली. ल्युबिशाचे ओले ओंडके चिमट्यानं बाहेर ओढले, धुरासकट अंगणात फेकले, आणि चुलीत वुकोमानची लाकडं घातली, तोंडापर्यंत. ती पेटली म्हणजे काय पेटली! कागदासारखी, भसाभसा, पिवळी, वेडी ज्योत. बीचचा तो सावकाश लाल निखारा नव्हेच. धुराड्याची नळी टिकटिक करू लागली. चुलीवर टाकलेलं संत्र्याचं साल गोल होऊन वास सुटला, आणि त्या वासाबरोबर विदोये सहा वर्षांचा होऊन टेबलाशी बसला, मोजे चुलीच्या दांडीवर, आणि सगळे जण याच एका खोलीत, हिवाळाभर, जेवण, भांडण, अभ्यास, झोप सगळं इथेच, कारण बाकीचं घर गरम करणं परवडायचं नाही. मोठी खोली नोव्हेंबरात बंद व्हायची. कुणी चुकून दार उघडं टाकलं की वुकोमान गरजायचा, "दार! मी काय सगळ्या सर्बियाला ऊब देऊ?"

हा जाळ टिकणारा नव्हता. मोजायला गेलं तर थप्पी आठवडाभरही पुरायची नाही. तिनं मोजलं नाही. ती उठली आणि मोठ्या खोलीचं दार उघडलं, लग्नापासून पहिल्यांदा भर डिसेंबरात, सताड, आणि त्याला खुर्ची लावली.

आतून गार हवा आली, कपाटावर वासासाठी ठेवलेल्या पिवळ्या दुन्या फळांचा वास घेऊन. तिनं आणखी लाकडं घातली. पुन्हा घातली. कधीतरी आतल्या खिडकीवरच्या बर्फाच्या नक्षीला खालच्या कडेनं पाणी सुटलं, आणि ती आत जाऊन सोफ्यावर बसली, वुकोमान बसायचा त्या बाजूला, शाल न घेता.

फोन वाजला. "आई, घर गरम आहे ना?"

"आहे," ती म्हणाली. "सगळं."

"सगळं म्हणजे? आई... लाकडं किती उरलीत?"

ओठांवर आलेलं खोटं तिनं तसंच तिथे थांबवलं. दारातून जाळाचा उजेड गालिच्यावर नाचत होता, ऊब चालली होती — दाराबाहेर, फटींतून, काचांतून, सगळ्या सर्बियाला. "आई?" विदोये म्हणत होता, "ऐकतेयस ना?" ती ऐकत होती. दार उघडं होतं, आणि ती कान देऊन वाट बघत होती, कुणीतरी आता तिच्यावर ओरडेल, "दार!" म्हणून.