बाहुली कशाची आहे

कानाची पाळी तेवढी राहिली होती, आतल्या वळ्या बुजून गेल्या होत्या... रंगावर रंग, त्यावर पुन्हा रंग, असा दरवर्षीचा एकेक हात बसत बसत त्या इवल्याशा कानाचं एक गुळगुळीत बोंड झालं होतं. दर्शना अंगठ्याच्या नखाने ते बोंड चाचपत होती, खरवडत मात्र नव्हती, कारण हेझलने फोनवर बजावलं होतं, "काही करू नकोस हां. धुऊ नको, पुसू नको, नुसती घेऊन ये." जशी काही ही रक्त तपासायला उपाशीपोटी निघाली होती.

बस भायखळ्याचा पूल उतरली. शेजारच्या बाईने एकदा पिशवीतून डोकावणाऱ्या बाहुलीकडे पाहिलं, एकदा दर्शनाकडे पाहिलं, आणि मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. बघू दे. साठी उलटलेली बाई मांडीवर बाहुली घेऊन बसली की लोक बघणारच. दर्शनाला नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं – सातव्या वर्षी जी मांडीवर घेतली म्हणून मार खाल्ला ती आज राजरोस मांडीवर आहे, आणि मांडीला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही.

कशाची आहे, हा प्रश्न मुळात तिचा नव्हताच. तो हेझलचा. बँकेत उभा जन्म शेजारच्या टेबलावर बसलेली ही गिरगावातली हेझल जुन्या बाहुल्या जमवते, हे दर्शनाला दोघी निवृत्त झाल्यावर कळलं. शेजारच्या टेबलावरचं माणूस आपल्याला किती ठाऊक असतं ते बघा! पहिल्यांदा तिच्या घरी गेली तेव्हा तिथे आणखी दोघी-तिघी जमवणाऱ्या आल्या होत्या, आणि त्यांचं बोलणं ऐकून दर्शना चाटच पडली. बाहुलीचा चेहरा कसा, डोळे कसे, केस कसे, हे कुणी बोलेचना. आधी कशाची ते सांगा. मुलगी बघायला आलेली मंडळी मुलगी सोडून घराणं उकरत बसतात ना, तसं. डोकं बिस्कचं, हात सेल्युलॉइडचे, अंग कॉम्पोचं... एका बाहुलीत तीन घराणी! बिस्क म्हणजे न चकाकणारी चिनीमाती, तिला चकाकी आली की तीच ‘चायना’. मेणाची असली तर उन्हाळ्यात घामेजते. व्हायनिलची म्हातारपणी चिकट होते, आणि तिला सरसकट प्लॅस्टिक म्हटलं तर हेझलचं तोंड उतरतं. कॉम्पो म्हणजे लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा – हे नाव घेताना सगळ्यांचाच आवाज खाली यायचा, कुणाच्या घरातलं आजारपण सांगावं तसा. कॉम्पो पाण्याने फुगते, उष्णतेने तडकते, वाफसुद्धा सोसत नाही बिचारी. आणि सेल्युलॉइड? "दिसायला गोड गं," हेझल म्हणाली होती, "पण ठिणगी पडली की भक्कन जातं. जुन्या काळी पोरं भाजलीत त्याच्याने."

दर्शनाच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

कारण इतकी वर्षं तिने त्या दुपारचा एकच अर्थ लावला होता... परळच्या चाळीतली एक खोली, जमिनीवर स्टोव्ह, स्टोव्हवर रटरटणारा भात, आणि फळीवर ही. आई – शांता – लग्नाआधी गिरगावात बेट्टीबाईंकडे शिवणाला हात द्यायला जायची, त्या ख्रिस्ती बाईंनी लग्नात ही बाहुली दिली होती. "तिका हात लावू नको हां," हे आईचं रोजचं पालुपद. पण आई नळावर गेली होती, आणि डबे रचून चढता येत होतं, आणि... मी चढले. मी ती काढली, आणि तिला कधी कुणी काही दाखवलंच नसेल म्हणून भात कसा शिजतो ते दाखवायला तिला मांडीवर घेऊन स्टोव्हपाशी बसले. भाताच्या बुडबुड्यांना मी डोळे म्हणत होते. हा डोळा मिटला, हा उघडला... मग दारात आई. कळशी दाणकन खाली. आणि गालावर अशी बसली की कानात शिट्टी वाजत राहिली. आई मारकुटी नव्हती. तेवढं एकदाच. मग बाहुली फळीवर गेली, आणि आई दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आईला माझ्यापेक्षा ती जवळची – हे वाक्य त्या दिवशी मनात येऊन बसलं ते बसलंच. ते तिने कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही, आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? पण ते होतं. आईच्या शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलात उशाशी बसून तिचे पाय चेपतानासुद्धा ते होतं, आणि आई गेल्यावर, आता हिला जाब विचारायचा राहूनच गेला, अशी एक कोती हळहळ तिला वाटली होती, जिची तिला लाजही वाटली होती. आणि आता ही हेझल म्हणते, भक्कन जातं! म्हणजे बाहुली सेल्युलॉइडची निघाली तर त्या दुपारी आईने मला वाचवलं. कॉम्पोची निघाली तर बाहुलीला वाचवलं, वाफेपासून. बेट्टीबाईंनी आईला सांगूनच दिली असणार की, बाई, आगीपासून जप, किंवा पाण्यापासून जप, जे काय असेल ते. इतकं सोपं होतं सगळं. फक्त कशाची आहे ते कळायला हवं होतं. मनातली इतकी जुनी गोष्ट अशी एका तपासणीवर येऊन ठेपावी, याचं तिला हसूही आलं.

हेझलचा भाऊ ट्रेव्हर खिडकीपाशी दिवा लावून बसला होता. बाहुल्यांच्या दुरुस्तीचं तो बघतो. पिशवीतून बाहुली निघाली आणि त्याने कपाळावर हात मारला.

"हिला ऑइल पेंट कोणी दिला?"

"कुशाबांनी," दर्शना म्हणाली. "आमचे शेजारी. लालबागला गणपतीच्या कारखान्यात रंगवायला जायचे. मूर्तीच्या अंगाचा रंग उरला की आई हिला एक हात द्यायला लावायची. गणपतीत आराशीला ठेवायची ना हिला, मग मळकी कशी चालेल?"

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"म्हणजे ही बाप्पाच्या स्किनमध्ये आहे!" हेझल खो-खो हसली, पण ट्रेव्हर हसला नाही. जमवणाऱ्यांच्या लेखी हे महापातक, हे दर्शनाला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि तिला आईच्या बाजूने जरा रागच आला. गौरी-गणपतीच्या घरात मळकी बाहुली मांडणं हे आईच्या लेखी महापातक होतं, त्याचं काय?

ट्रेव्हरने नखाने टिचकी मारून पाहिली. "आत कापूस गच्च भरलाय, वाजत पण नाय. बॉडी कापडाची, त्याच्यामुळे वजनाचं पण काय कळत नाय. गरम सुई टोचून बघू?"

"वेडा झालास? सेल्युलॉइड असली तर घर पेटेल," हेझल त्याच्यावर ओरडली.

"मग स्मेल."

मानेच्या मागे, केसांखाली, रंग उडून थोडी जागा उघडी पडली होती. तिथे तो अंगठा घासत राहिला, हात उबेला धरावा तसा एकाग्र होऊन. मग बाहुली नाकाशी नेली. पुन्हा घासलं, पुन्हा नेली. आणि म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

"कापूर! घे, तू बघ. सेल्युलॉइड बनवताना कापूर घालतात, घासलं की वास सुटतो. दर्शना, तुझी बाहुली सेल्युलॉइडची आहे."

दर्शनाने हुंगलं. कापूरच. आईने मला वाचवलं, आईने मला... आणि ते वाक्य पुरतं व्हायच्या आतच तिला कळून चुकलं. हा वास तिच्या ओळखीचा होता. फळीवर बाहुलीच्या पायाशीच आरतीच्या कापराची डबी असायची; आणि आईच्याने सणवार होईनासे झाले तेव्हापासून ही ट्रंकेत होती, किडामुंगी लागू नये म्हणून चहूबाजूंनी कापराच्या वड्या पेरून. ही बटाट्याची असती तरी कापराचाच वास आला असता!

गप्प बसावं. हे सगळं कुणाला ठाऊक आहे? जाणती माणसं स्वतःच्या तोंडाने सांगताहेत, हवं होतं ते आयतं पदरात पडलं आहे, गाठ मारावी आणि घरी जावं. तिने पिशवी जवळ ओढलीही. पण खरं काय असेल, ही खाज काही केल्या जाईना, आणि तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे हिच्यासमोर कापूर जळायचा. आरतीचा."

आणि बोलता बोलता तिला ते दिसलं – आई ओवाळते आहे, ताटात कापूर भडकलेला, आणि ताट बाहुलीच्या झालरीवरून जेमतेम वीतभर अंतराने फिरतं आहे. सकाळी, संध्याकाळी, वर्षानुवर्षं. आई डोळे मिटून ओवाळायची. बाहुली पेट घेईल अशी धास्ती असलेली बाई असे डोळे मिटेल? आईला काही ठाऊकच नव्हतं. बेट्टीबाईंनी काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. मग ही सेल्युलॉइडची निघाली काय, कॉम्पोची निघाली काय, त्या थपडेचा त्याच्याशी संबंध काय? दर्शना एकदम पोकळ झाली. महिनाभर जिवापाड जपलेला प्रश्नच खोटा निघाला होता.

"मग उघडावीच लागेल," हेझल म्हणत होती. "खांद्याकडची शिवण उसवली की डोकं आतून दिसेल. आतून कोण पेंट देतंय! उसवू?"

शिवण आईची होती, कधीतरी उसवल्यावर पुन्हा घातलेली. बारीक, दाबून घातलेले टाके, जागोजागी दुहेरी.

"दे, मीच उसवते."

कात्रीचं टोक टाक्याखाली घालायचं, उचलायचं, तोडायचं. टाका सुटत नव्हता. आईचा हातच जड. आईचे हात... त्या दुपारी थप्पड बसली, आणि बाहुली फळीवर गेली. पण या दोहोंच्या मध्ये? मध्ये काय होतं? कात्री थांबली. मध्ये बाहुली जमिनीवर होती. पालथी. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. आईचे हात माझ्या फ्रॉकवर होते – फ्रॉकचा घेर मुठीत घेऊन आई तो चोळत होती, झटकत होती, उलटा करून बघत होती आणि पुन्हा चोळत होती... पिवळा फ्रॉक, दिवाळीचा. गळ्याशी टोचणारा. आईने तो संध्याकाळी पिळून टाकावा आणि जेवणं होईतो वाळून खडखडीत व्हावा, असा. काढताना केस उभे करणारा. त्याचा घेर मी ऐटीत पसरून बसले होते, जमिनीवर, स्टोव्हच्या पार जवळ. तो फ्रॉक कशाचा होता?

स्टोव्ह आणि तसलं कापड यांचं काय होतं ते चाळीतल्या कुठल्याही बाईला बेट्टीबाईंनी सांगायची गरज नव्हती.

किंवा असं काही झालंच नव्हतं. आईने घेर धरला नव्हता, झटकला नव्हता. बाहुलीचं काही निघेना म्हणून हे मी आत्ता, इथे, टाके उसवता उसवता रचते आहे. मनाला काय, मागाल ते शिवून देतं.

शेवटचा टाका तुटला. हेझलने कापूस उपसला, मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं, आणि तिचा आवाज खाली आला.

"कॉम्पो आहे गं. आतून तपकिरी. सॉरी हां."

"पण चांगली कॉम्पो आहे," ट्रेव्हरने समजूत घातली. "कुठे तडकलेली नाय."

दर्शना त्या तपकिरी पोकळीत डोकावली. भुसा आणि सरस. सकाळी बसमध्ये तिने याच शब्दाची धास्ती घेतली होती, आणि आता तो आला तर तिला फक्त एवढंच वाटलं की भुसा इतका बारीक कसा दळला असेल.

"हेझल, आपल्या लहानपणी ते नायलॉनचे फ्रॉक असायचे ना?"

"बाप रे, हो! माझा पिंक होता. तो घातला की मम्मी किचनच्या दारात पण उभं करायची नाय. का गं?"

"काही नाही."

फ्रॉक केव्हाच बोहारणीच्या गाठोड्यात गेला असणार. फोटो नाही. तेव्हा खोलीत असलेलं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. जाब विचारायचा म्हणून जी आई तिने इतकी वर्षं मनात समोर बसवून ठेवली होती, तिला तो विचारावासाच वाटेना. तिला फक्त विचारायचं होतं – आई, तो पिवळा फ्रॉक कशाचा गं होता? इतकंच, दुपारी भाजी निवडता निवडता विचारावं तसं, आणि आईने ऐकून "कुठलो गे?" म्हणावं. आणि आई नव्हती. ती गेली त्याला दोन वर्षं झाली होती आणि दर्शनाने सगळं रीतसर केलं होतं, रडलीही होती. पण ट्रेव्हर बाहुलीत कापूस परत भरत होता तेव्हा तिला आई नसल्याचं पहिल्यांदाच खरं दुःख झालं, आणि तिने हेझलकडे प्यायला पाणी मागितलं.