मुलाच्या बाजूचा साक्षीदार

"ह्यो घाला," म्हणत विजयसिंहनं गाडीच्या मागच्या सीटवरचा फाटका सदरा पुढं केला.

हंबीररावांनी अंगावरच्या स्वच्छ, घडीच्या सदऱ्याकडं पाहिलं. "ह्याला काय झालंय?"

"चांगला हाय, म्हणूनच नगं. म्हातारा माझ्या जिवावर जगतोय असं कोर्टात दिसाय पायजे, आबा. मग पोरीची पोटगी कमी हुतीया."

पोरगी म्हणजे हंबीररावांची नात. ती तान्ही असतानाच विजयसिंहनं पहिल्या बायकोला, अनुजाला, सोडून दुसरी केली होती. आता त्याचे दोन ट्रक दुसरीच्या नावावर पळत होते आणि कोर्टातल्या अर्जात लिहिलं होतं: धंदा बसला, म्हातारे वडील अंगावर पडले, रक्कम निम्मी करावी. धरणावर चौकीदारी करून निवृत्त झालेले हंबीरराव राधानगरीत एकटेच राहत, स्वतःची भाकरी स्वतः थापत. मुलगा आज कितीतरी दिवसांनी दारात आला होता.

"त्या एवढ्याशा पोरीला लागतंय किती?" विजयसिंह म्हणाला. "तिची आय शिवणकाम करतीया की."

हंबीररावांनी सदरा परत सीटवरच ठेवला.

कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मुलाच्याच वकिलानं विचारलं, "तुमचा खर्च मुलगा भागवतो ना?"

"न्हाय."

"घाबरू नका, आजोबा. औषधपाणी तरी?"

"माझी पेन्शन हाय. ह्यानं कधी तापाची गोळी बी दिल्याली न्हाय. आज फाटका सदरा तेवढा आणलाय, तुमच्याम्होरं घालाय. ट्रक इचारा त्येला, बायकोच्या नावावर किती हायत." ते थांबले. "पोटचा हाय, साहेब. पर ह्येची शिसारी आलीया मला."

वकील खाली बसला.

बाहेर विजयसिंहनं गाडीचं दार उघडलं. "आता तुमी मेलासा तरी खांद्याला येनार न्हाय."

"नगं येऊस."

गाडी निघून गेली. अर्ज पुढं फेटाळला गेला, पण ते हंबीररावांना महिन्याभरानं कळलं.

त्या वेळी कोर्टाच्या पायऱ्यांशी अनुजा लेकीचा हात धरून उभी होती. "मामंजी, घरला चला. जेवून जावा."

"नगं, पोरी. कुठल्या तोंडानं येऊ? इतकी वर्सं नातीला बघाय बी आलो न्हाय."

अनुजानं लेकीला पाया पडायला खुणावलं. या म्हाताऱ्याला पोरगी ओळखत नव्हती, तरी वाकली.

हंबीररावांनी पाय मागं घेतले.