उद्या सांगतो

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. जुने आणि सदोष. माझ्या मुखपृष्ठावर अंतराळातला पोशाख घातलेली एक बाई हातात विजेरी घेऊन उभी आहे आणि तिच्या मागे काळ्या आकाशात एक अंतराळस्थानक तरंगते आहे. मुखपृष्ठाचा खालचा कोपरा दुमडून दुमडून गळून पडला, त्याबरोबर बाईचा एक बूटही गेला. माझे नाव ‘हवा नसलेली खोली’. मी रहस्यकथा आहे. पण माझ्यातला खुनी कोण, हे मला स्वतःलाच कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते. ते कसे, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा जुडगा तयार होतो, त्याला फर्मा म्हणतात. लांबलचक टेबलावर अशा फर्म्यांचे ढीग ओळीने मांडलेले असत. बायका टेबलाच्या कडेने चालत आणि प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलत. फेरी संपली की हातात अख्खे पुस्तक गोळा झालेले असे. मग शिवण, मग सरस, मग पुठ्ठा.

त्या दिवशी टेबल अपुरे पडले होते, म्हणून शेवटचा ढीग वळवून दुसऱ्या क्रमांकाच्या ढिगाशेजारी ठेवला होता. मला गोळा करणारी बाई मोठी चलाख होती. तिचा हात सहसा चुकत नसे. पण ती शेवटच्या ढिगापाशी पोचली आणि तिची मैत्रीण तिच्या कानाशी लागली, “मुकादम बघितलास का? स्वतः शर्ट उलटा घालून आलाय, आणि आपल्याला म्हणतो नीट बघून काम करा.”

ती खळखळून हसली. हसता हसता तिचा हात शेजारच्या ढिगावर पडला. दुसरा फर्मा माझ्यात दोनदा आला आणि शेवटचा आलाच नाही. एका हसण्यात माझा शेवट गेला. तिचा मला राग नाही. तिथे दिवसभर उभ्या असणाऱ्या त्या बाया किती थोड्या वेळा हसत, ते मी पाहिले आहे.

आता माझ्या पोटातली गोष्ट थोडी सांगायला हवी. एका अंतराळस्थानकावरची हवा रोज थोडी थोडी कमी होत असते. कोणीतरी मुद्दाम ती बाहेर सोडत असते. त्याचा शोध घ्यायला पृथ्वीवरून एक निरीक्षक बाई येते. स्थानकावर एक म्हातारे माळीबाबा भाजीपाला पिकवत असतात. हे काम कोणाचे, ते त्यांना कळलेले असते. बाई विचारते तेव्हा ते झारी उचलून म्हणतात, “घाई कसली, बाई? रोपांना पाणी घालून घेतो. उद्या सांगतो.” आणि दुसऱ्या दिवशी दोन दारांमधल्या हवा नसलेल्या खोलीत माळीबाबा मेलेले सापडतात. मग पुस्तकभर बाईचा तपास चालतो. अखेर ती सर्वांना एकत्र बोलावते आणि म्हणते, “माळीबाबांना ज्याने कोंडलं, तो माणूस इथंच उभा आहे. तो म्हणजे—”

पान उलटावे तर पुढे लिहिलेले, “माळीबाबा आपल्या टोमॅटोच्या रोपाशी वाकून काहीतरी पुटपुटत होते.” म्हणजे मेलेला माणूस पुन्हा जिवंत. पुन्हा झारी, पुन्हा “उद्या सांगतो”, आणि तिथेच मी संपतो.

बाजारामागच्या वाचनालयात मला ठेवले तेव्हा सुरुवातीला मला मोठी मागणी होती. पण वाचक परत येत ते फणफणत. एक गृहस्थ तर ग्रंथपाल बाईंशी वाद घालून गेले की माळ्याने स्वतःच स्वतःला मारले, आणि हे असले लिहिणे बरे नव्हे. कोणीतरी शेवटच्या पानावर पेन्सिलीने ‘फसवणूक’ असे लिहिले. शेवटी बाईंनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘शेवटची पाने नाहीत’. मग माझ्याकडे कोणी फिरकेना. खिडकीजवळच्या फळीवर उन्हाने माझे काळे आकाश राखाडी झाले. कसर लागली. शेजारची पुस्तके घरोघरी जाऊन येत, आणि मी त्यांच्या रिकाम्या जागेत कलंडून पडे.

अशी बरीच वर्षे गेली. मग एक शाळकरी मुलगी आली. तिने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, “बाई, हेच द्या. बाबांना चालेल. ते शेवटाच्या आधीच झोपतात.”

तिचे वडील लिफ्टदुरुस्तीचे काम करत. घर मात्र चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. “जन्मभर लोकांना वर चढवलं, आणि माझ्या नशिबी जिना,” असे ते सगळ्यांना सांगत. पण आता जिनाही उरला नव्हता. त्यांची फुप्फुसे थकली होती. खिडकीपाशी त्यांची खाट, आणि कोपऱ्यात नळीने प्राणवायू देणारे एक यंत्र सारखे घरघरत असे. आई गणवेश शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. ती संध्याकाळी येई तेव्हा तिच्या कपड्यांना रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असत. मधल्या वेळात मुलगी शाळेतून आली की खुर्ची ओढून मला वाचायला बसे.

मित्रांनो, मला कोणी मोठ्याने वाचण्याची ती पहिलीच वेळ होती.

“थांब, थांब,” बाबा म्हणत. “त्या खोलीला दारं किती?”

“दोन.”

“मग झालं तर. आमच्या लिफ्टलाही दोन असतात. एक नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. ही सगळी दाराचीच भानगड आहे, निरीक्षक बाई. लिहून ठेव.”

“बाबा, खुनी माणूस असतो, दार नसतं.”

“दार कोणी ढकललं, ते बघ म्हणजे कळेल.”

ती त्यांना पुढे वाचून दाखवी. त्यांचा संशय एकेकावर फिरे, पण प्रत्येक वेळी दारापाशीच येऊन अडके. आणि एके दिवशी ते दोघे माझ्या त्या फसव्या पानापाशी पोचले. “तो म्हणजे—” म्हणून तिने पान उलटले आणि माळीबाबा पुन्हा रोपाशी वाकलेले दिसले. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आवरेना. तिने धावत जाऊन पाणी आणले. पाणी पिऊन ते म्हणाले, “शाबास. असं पुस्तक हवं. मेलेली माणसं पुन्हा कामाला लागतात.”

तेव्हापासून घरात तो एक खेळच झाला. औषध घेतले का, असे आईने विचारले की बाबांचे उत्तर येई, “घाई कसली, बाई? रोपांना पाणी घालून घेतो.” एकदा मुलीने मान खाली घालून विचारले, “बाबा, तुम्ही बरे कधी होणार?” बाबांनी तिच्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, “उद्या सांगतो.”

मुलीने ग्रंथपाल बाईंना गाठले. पूर्ण प्रत मिळेल का? बाई म्हणाल्या, बघते. इकडे बाबांना भेटायला त्यांचे जुने सोबती आले होते. त्यांना बाबा थट्टेने म्हणाले, “सांगून ठेवतो, या गोष्टीतला खुनी कळल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही.” सोबती हसले. मुलगी हसली नाही. मी तिच्या मांडीवर होतो. तिची बोटे माझ्या पुठ्ठ्यात रुतलेली मला कळली.

काही दिवसांनी एका बंद पडलेल्या वाचनालयाची पुस्तके आली आणि त्यांत माझे भावंड निघाले. कडा कोऱ्या, आकाश काळेभोर, बाईचे दोन्ही बूट जागेवर, आणि शेवट शाबूत. माझी मुदत वाढवायला मुलगी मला घेऊन आली होती. बाईंनी ती प्रत तिच्या हातात दिली. तिने उघडूनसुद्धा पाहिली नाही. दप्तरात अगदी तळाशी घातली, आणि वर मला ठेवले.

“आलं का गं पुस्तक?” बाबांनी त्या दिवशी विचारले.

“नाही बाबा. उद्या येईल.”

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवट दप्तरात होता, खाटेपासून हाताच्या अंतरावर. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण पुस्तकाला कोणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही. ती मलाच पहिल्या पानापासून पुन्हा वाचू लागली. बाबांचा आवाज आता नळीतून आल्यासारखा येई. तरी ते विचारत, “दारं किती?”

एका दुपारी ती शाळेतून आली तेव्हा घरात माणसे जमली होती आणि यंत्र बंद होते. त्या खोलीतली शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

पुढे केव्हातरी आई दप्तराचा उसवलेला पट्टा शिवायला बसली. दप्तर रिकामे करताना तळाशी ती प्रत लागली. आईने माझ्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले.

“हे कधी आणलंस?”

मुलीने ती प्रत मांडीवर ओढली. मग म्हणाली, “बाबा म्हणाले होते, खुनी कळल्याशिवाय जाणार नाही. म्हणून मी आणलंय ते सांगितलंच नाही.” आणि उसवलेल्या पट्ट्याचा दोरा ओढत, “तरी गेले.”

आईने सुई खाली ठेवली आणि तिला जवळ ओढले.  मग आईने डोळे पुसले आणि म्हणाली, “वाच. शेवटच वाच. मी ऐकते.”

मुलीने रिकाम्या खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि वाचले. मला माझा शेवट असा, दुसऱ्याच्या पानांतून कळला. खुनी कोण ते मी तुम्हाला सांगणार नाही. रहस्यकथेचा एवढा धर्म मी पाळतो.

पुस्तक मिटून ती म्हणाली, “बाबांचा एकही अंदाज बरोबर नव्हता.”

“दाराचं काहीच नव्हतं?”

“काहीच नाही.”

“कळलं असतं तर भांडले असते तुझ्याशी,” आई म्हणाली. ती हसू लागली, आणि मग तिला रडू आवरेना.

आम्हा दोघांना घेऊन मुलगी वाचनालयात गेली. पूर्ण प्रत फळीवर लागली. मला बाईंनी रद्दीच्या ढिगाकडे सरकवले, तेव्हा मुलीने माझ्यावर हात ठेवला. “हे मला द्याल?”

“अगं, यात शेवट नाही.”

“माहीत आहे. पण यात माळीबाबा परत येतात.”

बाईंनी माझा क्रमांक खोडला आणि मला तिच्या हातात दिले.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. मी तिच्या घरी, उन्हापासून दूर, फळीवर सरळ उभा असतो. मित्रांनो, पुस्तकांचे कोपरे दुमडू नका, पानांवर काही खरडू नका, हे तर मी म्हणणारच. म्हाताऱ्या पुस्तकाला तेवढा हक्क असतो. पण आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी थकलेले माणूस असेल, तर त्याच्याजवळ खुर्ची ओढून काहीतरी मोठ्याने वाचा. शेवट दडवून माणूस थांबत नाही. शेवट सांगितल्याने जातही नाही. त्या मुलीला हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते, म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे.

कधी कधी ती मला उतरवते आणि शेवटचे पान उघडते. वाचत नाही, नुसती बघते. तिथे एक म्हातारा माणूस झारी घेऊन रोपाशी वाकलेला आहे, आणि त्याला कसलीही घाई नाही.