वाळूतला खोटा मणका

मी एक जुना मणका आहे आणि आधीच सांगून टाकतो, खोटा आहे. प्लॅस्टरचा. हसायचं असेल तर हसून घ्या, मित्रांनो, मी थांबतो.

झालं? मग ऐका.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या आतल्या बाजूला, आमच्या कोरड्या माळावर, एकेकाळी समुद्र होता. त्यात पोहणाऱ्या एका भल्यामोठ्या प्राण्याचा खरा मणका गावच्या संग्रहालयात काचेत बसलेला असतो. त्याला कुणी हात लावायचा नाही. बालवाडीच्या मिस ग्वेंडांनी परवानगी काढून त्याचा साचा घेतला, आपल्या स्वयंपाकघरात मला ओतलं आणि कडक चहात बुडवून रंग दिला. म्हणजे मी जन्मलोच म्हातारा!

बालवाडीच्या अंगणात गुरांना पाणी पाजायचा एक गळका हौद होता. तो वाळूने भरला, वर दोरीचे चौकोन आखले. त्यात मला पुरायचं आणि चार-पाच वर्षांच्या पोरांनी शोधायचं. फावडं नाही, फक्त रंगाचा ब्रश. दिसलो तरी लगेच उचलायचं नाही. कुठल्या चौकोनात आहे, कुठल्या कुशीवर पडलाय, सगळं कागदावर उतरवायचं.

"आधी चित्र, मग हात!" मिस ग्वेंडा ओरडायच्या. "हाड कसं पडलंय त्यावरून प्राण्याचं काय झालं ते कळतं. उचललंत की ते गेलं, बाळांनो."

अकरा वर्षं मी पुरला गेलो आणि सापडलो. दोनदा तुटलो, दोनदा चिकटवला गेलो. एका पोराने तर मला चावून पाहिलं. पण दर वेळी पोरं अशी किंचाळायची, की काचेतल्या त्या खऱ्याला माझा हेवा वाटावा.

मग मिस ग्वेंडा निवृत्त झाल्या. दाबले की गुरगुरणारे प्लॅस्टिकचे डायनासोर आले आणि मी कचऱ्याच्या खोक्यात गेलो. "तुटका, वर खोटा," नवी मदतनीस म्हणाली. असा संताप आला मला! बालवाडीतल्याच पाच वर्षांच्या मार्लीने मला गुपचूप उचललं आणि खिशात कोंबलं.

त्या शनिवारी तिचे डॅड, डेन, ओढ्याकाठी कुंपणाचे खांब रोवत होते. मी मार्लीच्या खिशात. पहार खणकन वाजली.

"दगड!" डेन म्हणाले आणि त्यांनी पहार पुन्हा उचलली.

मार्ली वाकली. खड्ड्यात एक गोल कड दिसत होती. तिने मला काढून शेजारी धरलं. "डॅड, हाड आहे."

"मेलेल्या गाईचं असेल. सरक बरं."

"नाही सरकणार." ती खड्ड्यावर फतकल मारून बसली.

"मार्ली, ऊन बघ किती झालंय! कुंपण उघडं पडलंय, गुरं बाहेर पळतील. आणि त्या खोट्या तुकड्यावरून तू मला शिकवतेस?"

"मग मार पहार. माझ्यावरच मार! आधी चित्र, मग हात!"

एवढीशी पोरगी, नाक गळतंय, पण जागची हलेना. डेननी पहार खाली आपटली, तोंडातली शिवी गिळली आणि गाडीतून चाऱ्याच्या पोत्याचा कागद नि पेन्सिल आणून दिली. "काढा लवकर, राणीसरकार."

तिने एक गोल काढला. हाताने माती झटकली, तर शेजारी दुसरा. मग तिसरा. पाचव्या गोलाला डेन स्वतः गुडघ्यांवर आले आणि टोपीने धूळ झाडू लागले. खांब तिथे रोवलाच नाही.

मंगळवारी संग्रहालयाच्या बाई आल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी मार्लीचा कागद मागून घेतला. सतरा मणके शाबूत निघाले. पहिल्याची कड मात्र पहारीने चुरा झाली होती. कोट्यवधी वर्षं टिकलेली, एका घावात गेली. डेननी तो चुरा कण न् कण ओंजळीत वेचून घेतला.

म्हणून बजावून सांगतो, मित्रांनो. खरं हाड एकदाच फुटतं. मला पाडा, चावा, हवं तेवढ्या वेळा तोडा आणि चिकटवा. तुमच्या सगळ्या चुका माझ्या अंगावर करा, खोट्याचं कामच ते आहे. आणि तरीही मला कचऱ्यात टाकायचं असेल, तर खुशाल या. फक्त आधी मार्लीला जागची हलवून दाखवा.