सणाच्या दिवशी कुलपात राहिलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना गोल शिक्का आहे. माझी मूठ लाकडी आहे आणि कडेचा नखाएवढा तुकडा गेलेला आहे. मोरावा नदीकाठच्या एका विद्यापीठात, यंत्र विभागाच्या कचेरीत माझं सारं आयुष्य गेलं. एक गोष्ट मला गेलं वर्षभर स्वस्थ बसू देत नाही, म्हणून तुम्हाला हाक मारली.

बाजारामागच्या गल्लीत झिवोयिन नावाच्या कारागिराने मला घडवलं. चेरीच्या लाकडाची मूठ त्याने हाताने घासून गुळगुळीत केली. विभागात आलो तेव्हा माझा काय थाट होता! माझ्याशिवाय कागदाला कुणी कागद म्हणत नसे. मुलं पदवी घेऊन बाहेर पडत तेव्हा त्यांच्या आया सहीपेक्षा मलाच बोटाने चाचपून पाहत. मला फार बरं वाटायचं.

मग एकदा सचिव रादोइकाबाईंनी घाईत खण लोटला, मी फटीत सापडलो आणि कडेचा तुकडा तुटला. नवा शिक्का करायचा तर तीन कचेऱ्यांची परवानगी लागते, म्हणून बाईंनी मलाच ठेवलं. पुढे त्यांना या व्यंगाचा अभिमानच वाटू लागला. असा तुटका शिक्का नकली कोण बनवणार, असं त्या सगळ्यांना सांगत. तरीही खबरदारी म्हणून त्यांनी मला लोखंडी पेटीत ठेवलं आणि पेटीची किल्ली साखळीत ओवून गळ्यात घातली. बाई मनाने वाईट नाहीत. फक्त भित्र्या आहेत.

हळूहळू सगळं संगणकावर गेलं. महिनोनमहिने माझी शाई वाळलेली असे. अशात विद्यापीठाने एक योजना काढली. विद्यार्थ्यांनी नोकरीमागे न धावता स्वतःचा धंदा उभारावा, म्हणून निवडलेल्यांना तळघरातली कार्यशाळा वर्षभर वापरायला मिळणार होती आणि मार्गदर्शनाला एक मुरलेला कारखानदारही. जिन्यात हा एवढा मोठा फलक लागला, ‘कल्पना तुमची, पाठबळ आमचं’. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की अर्जावर विभागाचा गोल शिक्का हवा. इतक्या नव्या योजनेचं घोडं माझ्यासारख्या म्हाताऱ्यापाशी येऊन अडलं होतं.

लेंका आणि उग्लेशा शेवटच्या वर्षाला होते. आमच्याकडे शरद ऋतूत घरोघरी लाल मिरच्या भाजून, सोलून आयवार नावाची चटणी करतात आणि बायकांची बोटं आठवडाभर काळी राहतात. या दोघांनी मिरच्या भाजणारं आणि सालं काढणारं पिंप बनवलं होतं. एकाने फिरवायचं, एकाने भरायचं. लेंकाच्या अंगणात ते चालत होतं, पण जोड कच्चे होते. ते वेल्डिंग करून पक्के करायला कार्यशाळाच हवी होती. ती मिळाली नाही तर उग्लेशा रविवारच्या बसने परदेशी, ग्रात्सला जाणार होता. तिथल्या गोदामात त्याच्या मामाने जागा ठरवून ठेवली होती.

विभागप्रमुख प्रवासात होते. त्यांची सही मिळाली ती गुरुवारी संध्याकाळी, कचेरी बंद झाल्यावर. अर्ज शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत द्यायचा होता. आणि शुक्रवारी संत पेत्काचा दिवस होता, म्हणजे रादोइकाबाईंच्या घरची स्लावा. आपल्या घराच्या संताच्या सणाला आमच्याकडे कुणी कामावर येत नाही. बाई घरी होत्या आणि किल्ली त्यांच्या गळ्यात.

त्या सकाळी पहारेकरी द्रागुतिनने लेंका आणि उग्लेशाला कचेरी उघडून दिली. पेटीच्या आतून मला दोघांचे आवाज ऐकू येत होते.

“चल, तिच्या घरी जाऊ,” उग्लेशा म्हणाला.

“भरल्या घरात, पाहुण्यांसमोर कागद काढायचा? मला नाही जमणार.”

“जा गं पोरी,” द्रागुतिन म्हणाला. “बाई काही खाणार नाही तुला. उलट खायला घालेल.”

पण लेंका ऐकेना. सणाला आपण तोंड वर करून शिक्का मागायला गेलो तर उद्या बाई आपल्याला पाण्यात पाहतील, असं तिला वाटलं. मित्रांनो, मी त्या अंधारात नुसता तळमळत होतो. ‘जा, पोरांनो, जा,’ एवढं एकच माझ्या मनात होतं. पण शिक्क्याला तोंड असतं ते फक्त कागदापुरतं. पावलं दूर गेली. दोन वाजले, मग तीन, आणि पेटी कुणी उघडली नाही.

बुधवारी तो अर्ज आमच्या टेबलावर परत आला. कुलगुरूंच्या कचेरीतून सोबत चिठ्ठी होती, तीही साधीच. नवा शिक्का केव्हा केलात, कळवलं नाहीत, नोंद करून घेतो. अर्जावर माझा ठसा होता, पण कड पुरी गोल होती. माझा तुकडा मला परत मिळाल्यासारखी.

बाईंनी लेंकाला बोलावून घेतलं आणि दार लावलं.

“हा कुठून आणलास?”

“बाजारामागून. झिवोयिनकाकांच्या मुलाने तासाभरात करून दिला.” लेंका म्हणाली. “जुन्या दाखल्यावरचा तुमचा ठसा दाखवला. कड तुटली आहे हे त्याला शाईचा दोष वाटला.”

“माझ्याकडे का नाही आलीस?”

“बोलावल्याशिवाय कसं यायचं, बाई?”

“स्लावाला कुणी कधी कुणाला बोलावतं का गं? दार सकाळपासून सताड उघडं होतं. तू काय परदेशात वाढलीस?”

“सणाला येणं वेगळं. काम घेऊन येणं वेगळं.”

बाईंनी अर्ज पुढ्यात ओढला. ‘होय, नवा केला’ एवढं लिहिलं असतं तरी सगळं निभावलं असतं, आणि ते त्यांना कळत होतं. त्यांनी लेखणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग त्यांच्या त्या जुन्या भीतीने हात धरला. त्यांनी लिहिलं, ‘हा शिक्का आमचा नाही.’ आणि लिहिलेलं पक्कं करायला गळ्यातली किल्ली काढून मला बाहेर काढलं.

शुक्रवारी दोघांना तारायला मी बाहेर येऊ शकलो नव्हतो. बुधवारी त्यांना बुडवायला आलो. त्या अर्जावर मी उमटलो तो असा. त्या क्षणी माझं उरलेलं रबरही तुटून पडावं असं मला वाटलं.

अर्ज बाद झाला. लेंकाला त्या शैक्षणिक वर्षापुरती विद्यापीठात बंदी झाली. रविवारी उग्लेशा ग्रात्सच्या बसमध्ये बसला.

त्यानंतर रादोइकाबाईंनी किल्ली पुन्हा गळ्यात घातली नाही. दाराशेजारच्या खिळ्याला ती टांगलेली असते, कुणीही घ्यावी. आणि यंदा संत पेत्काच्या दिवशी बाईंनी मला शाईच्या गादीसकट पिशवीत घालून घरी नेलं. सणाची मोठी पोळी, मेणबत्ती, गोड शिजवलेले गहू आणि त्यांच्या शेजारी मी. पाहुणे हसले. बाई हसल्या नाहीत. अर्जाची मुदत यंदाही त्याच दिवशी दोन वाजता संपत होती आणि त्यांचं सारं लक्ष दाराकडे होतं.

पावणेदोनला लेंका आली. हातात आयवारच्या दोन बरण्या होत्या आणि बोटं काळी पडलेली.

“सण सुखाचा होवो, बाई.”

बाईंनी घाईने गादीचं झाकण उघडलं. “दे, कागद दे. अजून वेळ आहे. टॅक्सीने जाशील.”

“कागद नाही आणला,” लेंका म्हणाली. “पिंपाला दोन माणसं लागतात.”

तिने चमचाभर गहू खाल्ले, मेणबत्तीपुढे छातीवर क्रूस काढला आणि ती पाहुण्यांत बसली. गादीचं झाकण लावायचं बाईंना सुचलं नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठ्या जागेवर बसेल. पाठबळाचे फलक जरूर लावा, पण किल्ली गळ्यात घालून घरी जाऊ नका. आणि तुम्ही दाराबाहेर उभे असाल तर एवढे लाजू नका. दार लोटून पाहा, बहुतेक ते उघडंच असतं. मी आता फार दिवस टिकणार नाही, पण आज माझी शाई ओली आहे. कुणीतरी कागद घेऊन या.