गुंडीशी गप्पा

शिवणकामाच्या त्या दुकानात बोलायचं काम सुनेकडे आणि गप्प बसायचं काम सासऱ्यांकडे, अशी वाटणीच होती. सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. जन्मभर तोंडात टाचण्या धरून काम केलेलं, त्यामुळे 'हं' आणि 'अंहं' एवढ्यावरच त्यांचा संसार निभावला. बायको गेल्यावर तर तेही आटलं. मुलगा बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने पाण्यात. घरात उरली ही दोघंच, आणि सूनबाईवर भिंतींशी बोलायची पाळी आली.

मग कुठूनशी एक मांजर आली आणि कापडांच्या ढिगावर मालकिणीसारखी पसरली. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं गुंडी. एखादी टाचणी पडून तिच्या पंजात रुतेल, या धास्तीनं त्यांनी टाचण्या तोंडात धरायचंच सोडलं. मग रिकामं झालेलं तोंड जे सुरू झालं ते थांबेचना. गुंडे, आज गारठा आहे, अंगावर काही घे. गुंडे, सकाळपासून पोटात काही नाही, असं कसं चालेल? गुंडीनं दोनदा दूध ढोसलेलं असायचं, तरी हे चालूच. काय हे मांजरीचे लाड, आपल्याला कधी असं विचारलं नाही, असं सूनबाई मनात म्हणायची. पण मशीन चालवताना कान तिकडेच असायचे. घरात माणसाचा आवाज होता, हेच तिला खूप होतं.

घोळ झाला तो मखमलीच्या कोटात. मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. हे काय मास्तरांना ठाऊक नव्हतं? पण कापडाच्या नेमक्या टोकावर गुंडी घोरत पडलेली. तिला उठवायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी एक बाही उरलेल्या जागेत उलटी कापली. गिऱ्हाईक गायक होता. कोट घालून आरशासमोर उभा राहिला, तर एक हात काळाभोर आणि दुसरा राखाडी. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता. तो जे बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही.

सूनबाईचं डोकंच फिरलं. दुकानाचं नाव धुळीला मिळवायचं ठरवलंय का, असं ती मास्तरांना फाडकन बोलून गेली आणि त्याच तिरीमिरीत गुंडीला कोपऱ्यावरच्या बेकरीवालीकडे देऊन आली. तिला उंदरांसाठी मांजर हवीच होती. मास्तर नुसतं 'हं' म्हणाले. टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या.

त्यानंतर मशीन थांबलं की दुकान असं सुनं व्हायचं, की सूनबाई उगाचच पायडल मारत बसायची. जेवतानाही कुणी कुणाला काही विचारीना. शेवटी तिचं तिलाच उमगलं, राग कोटाचा होता आणि शिक्षा आपण आपल्यालाच करून घेतली. एका दुपारी मास्तर दोरा आणायला म्हणून बाहेर पडले. ते परतायच्या आत गुंडीला घरी आणावं, म्हणून ती लगबगीनं बेकरीकडे निघाली.

बेकरीच्या मागच्या खोलीत मास्तर पिठाच्या पोत्यावर बसले होते. मांडीवर गुंडी. सूनबाई दाराआडच थबकली.

"आता कसं बोलायचं, तूच सांग," ते मांजरीला म्हणत होते. "मला जन्मात जमलं नाही. सूनबाईच्या सासूशीही कधी दोन शब्द धड बोललो नाही, तशीच गेली बिचारी. तुझ्याकडे बघून बोललं की निदान सूनबाईच्या कानावर तरी पडायचं. काल ती जेवलीच नाही गं. विचारू कसं?"

सूनबाईच्या आत्ता ध्यानात आलं. तो गारठा, ते रिकामं पोट, ती सगळी चौकशी मांजरीची नव्हतीच. आणि आपण वेड्यासारखा त्या मुक्या जिवाचा हेवा करत राहिलो. तिनं डोळे पुसले, पुढं होऊन गुंडीला उचललं आणि मास्तरांकडे न बघता तिलाच म्हणाली, "गुंडे, सांग यांना, सूनबाईला भूक लागलीय. पण एकटीला घास उतरत नाही."

मास्तर उठले. कपड्यांवरचं पीठ झटकून त्यांनी घसा खाकरला. मांजरीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चल पोरी," ते सुनेला म्हणाले. "आज मी वाढतो."